दुपारी बोअरचं पाणी तुटतं. दोष पॅनलचा का?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची चार एकर, त्यात अडीच एकर डाळिंब. मागच्या वर्षी सरकारी योजनेतून पाच एचपीचा सौर पंप मिळाला. रात्रीच्या लाईटसाठी जागणं आणि विंचूकाट्याची भीती गेली. पण आता रोज दुपारी एकच्या पुढं पाणी तुटतं. पॅनल खराब झालेत का? बांधाला चुलत दिरांचा बोअर आहे. आमच्या पंपानं तो आटला म्हणून त्यांनी बोलणं टाकलंय. काका, काय करू?
– एक शेतकरी भगिनी

उत्तर : ताई, पॅनलचा दोष असता तर सकाळ-संध्याकाळची धार आधी बारीक झाली असती. एकला ऊन ऐन भरात असतं, पंप तेव्हाच सगळ्यात जोरात ओढतो. पाइपातून फस्स करून हवा येत असेल तर समजा, झऱ्यांतून येतं त्यापेक्षा जास्त पाणी आपण उपसतोय.

तरी पॅनलच्या खालच्या कडेला एकदा बोट फिरवा. पावसानं ओघळलेली माती तिथं चौकटीला अडून वाळते. बोटभर रुंदीचा तो पट्टा खालच्या ओळीतले सेल झाकतो आणि सगळ्या पॅनलची वीज घटते. सकाळी गार असताना ओल्या फडक्यानं पुसा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका.

अक्कलकोट रोडला तीस वर्षं मी मोटारी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळतोय. २०१९ च्या दुष्काळात माझ्या सख्ख्या भावाची मोटार दुकानात आली. मोहोळकडं त्याचा सौर पंप मीच जोडून दिला होता. खोलली तर बुश, म्हणजे ज्या कड्यांत मोटारीचा दांडा फिरतो त्या, काळे पडून दांड्याला धरलेले. सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडवलेल्या मोटारीला गार ठेवतं ते पाणीच. कोरडी चालली की ती जळते. "दिवसभर चालू दे, बिल कुठं येतंय," असं मीच त्याला सांगितलं होतं. ते अजून मनाला लागतं. पूर्वी लाईट जायची तेवढ्या वेळात बोअर भरून यायचा. सौर पंप आल्यावर ती उसंत गेली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, झरे भरायचे ते तेवढ्यावरच.

आठ दिवस वहीत लिहा : पंप किती वाजता सुरू केला, पाणी कधी तुटलं, बंद केल्यावर किती वेळानं परत आलं. चार तासांनी तुटत असेल तर तीन तासांनीच बंद करा आणि उतरत्या उन्हात दुसरी पाळी घ्या. कोरडं चालल्यावर पंप आपोआप बंद व्हायची सोय चालू आहे का, ते कंपनीच्या माणसाकडून बघून घ्या. योजनेत पाच वर्षांची देखभाल आहे, कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज पंपाला देणारी पेटी, स्वतः खोलू नका. आणि उरलेल्या दीड एकरात उसाचा विचार असेल तर कृपा करून सोडा.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी केली आणि २०१६ साली सौर पंपाची उरलेली वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, विकायला लागले. विजेचे पैसे येतात म्हटल्यावर उगाच पाणी उपसायला हात होत नाही. तुमचा पंप ग्रीडला जोडलेला नसेल, तर ते जमणार नाही. पण त्याच पॅनलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालेल असा कंट्रोलर मिळतो, त्याची चौकशी करा.

आता भाऊजी. बांगलादेशात एकाच सौर पंपावर पुष्कळ शेतकरी पैसे भरून पाणी घेतात. तुम्ही तर एका घरातली माणसं. वही घेऊन त्यांच्याकडं जा. तुमचा पंप बंद असताना त्यांच्या बोअरला पाणी चढतंय का, ते दोघांनी शेजारी उभं राहून बघा. चढलं तर झरा एकच. मग एक दिवस तुमचा, एक त्यांचा. ठिबकवर डाळिंबाला दिवसाआड पाणी चालतं, फक्त फळधारणेच्या वेळी ताण बसू देऊ नका.

वहीची पानं मला पाठवा, दोन्ही बोअरची. आकडे बघून पाळीचे तास लिहून देतो.