एखाद्या गावाची लोकसंख्या आणि दळणवळणाच्या सोयी यांची खात्रीशीर माहिती कुठे मिळते?

दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका पाहावी. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी न झाल्याने बहुतेक ठिकाणी तेच आकडे वापरात राहिले. तिच्यात प्रत्येक गावाची कुटुंबे, लोकसंख्या आणि साक्षरांची संख्या असते. शिवाय बससेवा, रेल्वे स्थानक, पक्का रस्ता यांचीही नोंद असते. सोय गावात नसेल, तर जवळच्या सोयीचे अंतर अक्षराने दाखवतात: ५ किलोमीटरच्या आत ‘ए’, ५ ते १० किलोमीटरवर ‘बी’, त्याहून दूर ‘सी’.

मात्र ही नोंद संपूर्ण महसुली गावाची असते, हे विसरू नये. सह्याद्रीच्या डोंगराळ भागात एकाच गावाच्या वाड्या दूरवर विखुरलेल्या असतात, आणि गावठाणात एसटी येत असली तरी वरच्या वाडीतल्या आजारी माणसाला डोलीतून खाली आणणाऱ्यांना त्या नोंदीचा काहीच आधार नसतो. अशा वस्त्यांसाठी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेची वस्तीनिहाय माहिती अधिक उपयोगी पडते. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत मैदानी भागात ५०० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २५० लोकसंख्येचा निकष होता. एसटीच्या वेळा मात्र तालुक्याच्या बसस्थानकावरच विचारून घ्याव्यात.