उड्डाण घेतानाच इंजिनाची शक्ती गेली तर?

प्रश्न : माझा भाचा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरवर शिकतो. पावसानंतरच्या एका गार सकाळी जमीन सोडून २५-३० फुटांवर जाताच इंजिनाची शक्ती गेली आणि प्रशिक्षकांनी समोरच्या गवतातच हेलिकॉप्टर टेकवले. स्किड (टेकण्यासाठीचे खालचे आडवे दांडे) वाकले, दोघे सुखरूप आहेत. हेलिपॅड मागे जवळच असताना ते वळले का नाहीत? इंजिन थांबले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळत नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोघे सुखरूप आहेत, हे वाचून फार बरे वाटले. दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. महोगनीचे पंखवाले बी झाडावरून सुटले की गरगर फिरत सावकाश खाली येते, ते आपण पाहिले असेल. इंजिन थांबले की रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, त्यापासून आपोआप सुटा होतो आणि वैमानिकाने डाव्या हाताचा, सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा कलेक्टिव्ह दांडा लगेच खाली केला, तर खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. मात्र आर-२२ची पाती हलकी असल्याने त्यांचा वेग झपाट्याने घटतो आणि हात हलवायला जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. पात्यांचे फेरे नेहमीच्या ९७ टक्क्यांच्या खाली गेले की भोंगा वाजतो, पण त्याची वाट पाहण्याइतकी सवड तिथे नसते.

२५-३० फुटांवर तर ऑटोरोटेशन जमायच्या आत जमीन येते. तिथे हाताशी उरतो तो पात्यांत साठलेला फेरा आणि पुढे जाण्याचा वेग. वळण घेतले असते, तर दोन्ही त्यातच खर्ची पडले असते. शक्ती जाताच नाक डावीकडे फिरू लागते. ते उजव्या पेडलने आवरायचे, हेलिकॉप्टर सरळ व समतल ठेवायचे आणि जमीन पायाशी आल्यावरच कलेक्टिव्ह उचलून उरलेला फेरा धक्का सौम्य करण्यासाठी वापरायचा. तो जरा आधी उचलला, तर पाती वरच दम सोडतात. प्रशिक्षकांनी समोरचे गवत निवडले, ते योग्यच केले असे मला वाटते.

हेलिकॉप्टर सरळ वर न जाता आधी जमिनीलगत वेग का घेते, याचे उत्तरही यातच आहे. थोडी उंची आहे पण वेग नाही, अशा अवस्थेत इंजिन गेले तर सुखरूप उतरणे जवळजवळ अशक्य असते. उंची आणि वेगाच्या आलेखावरच्या त्या पट्ट्याला वैमानिक ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात.

कारण चौकशीतूनच ठरेल. पण आपण लिहिलेली दमट, गार सकाळ वाचून मला कार्ब्युरेटरमधल्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या, बर्फाची शंका येते. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी थंड होते की बाहेर १५-२० अंश तापमान असतानाही आत बर्फ धरतो. विमान थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, पूर्ण उघडून धावते. हेलिकॉप्टर मात्र लागेल तेवढीच शक्ती घेऊन उठते, त्यामुळे अर्धवट मिटलेल्या झडपेशी बर्फाला जागा मिळते, आणि इंजिन अजून थंड असले तर धोका वाढतो. त्यात फेरे कायम राखणारा गव्हर्नर थ्रॉटल गुपचूप आणखी उघडत राहतो, म्हणून शक्ती घटते आहे हे वैमानिकाच्या हाताला उशिरा कळते. निघण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या तापमापकाचा काटा बर्फाचा धोका दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्यात होता का आणि कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी) किती ओढली होती, एवढे भाच्याला जरूर विचारा.