शब्दांची विचारपूस : तिबिलिसीतले ‘मामा’

प्रश्न : माझा भाचा जॉर्जियातील तिबिलिसी येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिकडे वडिलांना ‘मामा’ म्हणतात, असे तो सांगतो. मी त्याचा सख्खा मामा असल्याने ही चौकशी करणे भाग पडले. हा शब्द आपल्याकडून तिकडे गेला, की तिकडून इकडे आला? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाच्याने सांगितले ते खरे आहे, परंतु हा शब्द कोणी कोणाकडून घेतलेला नाही. जॉर्जियन ही कार्टवेली कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. तिच्यात वडील ‘मामा’ आणि आई ‘देदा’. हे उसने शब्दही नव्हेत, कारण त्यांची पाळेमुळे त्या भाषेत खोलवर गेलेली आहेत : कोंबड्याला ‘मामाली’, वडिलोपार्जित जमिनीला ‘मामुली’, मातृभाषेला ‘देदाएना’, तर राजधानीला ‘देदाकालाकी’, म्हणजे शब्दशः ‘आई-शहर’, असे म्हणतात.

आपल्या मामाची कुळकथा निराळी आहे. संस्कृतातला भारदस्त शब्द ‘मातुल’. पण पंचतंत्रातील प्राणी एकमेकांना ‘माम’ अशीच घरगुती हाक मारतात. तेलुगूतही ‘मामा’ आहे, आणि तिथे तो आईचा भाऊ असतो तसाच सासराही असतो. मामाची मुलगी करण्याची चाल जिथे रूढ आहे, तिथे दोन्ही नात्यांना एकच शब्द पुरला यात नवल नाही.

मग एवढे साम्य कशामुळे? रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात याचा उलगडा केला. अंगावर पिताना बाळाचे ओठ मिटलेले असतात, त्यामुळे त्याची कुरकुर नाकावाटे, ‘म’कारासारखी बाहेर पडते, पुढे भूक लागली की तेच ‘म-म’ ते मुद्दाम काढू लागते. त्याला अर्थ चिकटवतात ती मोठी माणसे. बहुतेक ठिकाणी तो मान आईला मिळाला, म्हणून चिनी, स्वाहिली आणि क्वेचुआ या परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांत ‘मामा’ म्हणजे आईच. जॉर्जियनांनी तो बापाला दिला. ऑस्ट्रेलियातील पित्जांत्जात्जारा भाषेतही ‘मामा’ म्हणजे बापच. आपण तो माहेरच्या माणसाला दिला, आणि पुढे ‘मामा बनवणे’ असा वाक्प्रचार करून त्याची थोडी चेष्टाही केली.

माता, फारसी ‘मादर’, लॅटिन ‘मातेर’ यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे केवळ ‘म’ नव्हे, तर अख्खी घडण जुळते आणि शेजारी पिता, ‘पेदर’, ‘पातेर’ अशी दुसरी रांगही तशीच उभी राहते. असे साम्य योगायोगाने येत नाही.

जाता जाता, आपल्या भाच्यासाठी एक सूचना. जॉर्जियन बाप लाडात येऊन स्वतःच्या लेकरालाही ‘मामा’ अशीच हाक मारतो. तेव्हा बसमध्ये एखाद्या गृहस्थाने मांडीवरच्या चिमुरडीला ‘मामा’ म्हटले, तर भाच्याने दचकू नये.