ओइनोखोए : इथे 'च' आला कुठून?

प्रश्न असा आहे : प्राचीन ग्रीसमधल्या मद्य ओतायच्या मातीच्या भांड्याचं नाव मराठीत 'ओइनोचो' लिहावं की 'ओइनोचोई', आणि त्याला सरळ 'सुरई' म्हटलं तर चालेल का?

दोन्ही नकोत. शब्द 'ओइनोखोए' असा आहे. रोमन लिपीत 'सीएच' दिसलं की डोळे मिटून 'च' लिहायची ही खोड मी वर्षानुवर्षं पाहतोय आणि दर वेळी चरफडतोय. ग्रीक लिपीत तिथे 'खी' हे अक्षर आहे. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये त्याचा उच्चार महाप्राण होता, म्हणजे थेट आपला ख. इंग्रजांकडे तो वर्ण वेगळा नाही, म्हणून त्यांनी 'क'वर भागवलं. आपल्या वर्णमालेत तो पहिल्याच ओळीत बसलेला असताना आपण 'च'कडे का जावं?

'ओइनोस' म्हणजे द्राक्षाचं मद्य, त्यात थांबण्यासारखं काही नाही. खरा ऐवज 'खोए'मध्ये आहे. 'खेओ' म्हणजे 'मी ओततो'. आता ग्रीकमधला ख आणि संस्कृतमधला ह शेजारी ठेवून पाहा. तिकडे 'खेन', इकडे 'हंस'. तिकडे हिवाळ्याला 'खेइमा', इकडे 'हिम' आणि 'हेमंत'. तिकडे 'काल' या अर्थी 'ख्थेस', इकडे 'ह्यस्'. मग 'खेओ'च्या समोर कोण? 'हु' धातू, जुहोति! होम, हवन, हवि, आहुती ही सगळी त्याचीच लेकरं. अथेन्समधल्या मेजवानीत मद्य ओतणारा चंबू आणि आपल्या होमात पडणारी तुपाची धार एकाच मुळातून आलेली आहेत. 'च' लिहिलात की ही वाट कायमची बुजली.

यावर धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसकट जुनी यादी, पुढे केला जातो : 'हु दानादनयोः', म्हणजे देणे आणि खाणे. मला हे मान्य नाही. तो यज्ञ पाहून मागाहून लावलेला अर्थ आहे. समिधा, तीळ, पुरोडाश हेही अग्नीत पडू लागल्यावर 'ओतणे'चं 'अर्पण करणे' झालं. पण तूप सोडायच्या पळसाच्या पळीला 'जुहू' म्हणतात, ते उगीच नाही. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या 'निरुक्ता'चे कर्ते यास्क, यांच्याशीही माझं इथे भांडण आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेतला 'होता', म्हणजे यज्ञातला एक ऋत्विज, हा शब्द ते 'ह्वातारम्', म्हणजे हाक मारणारा, असा उलगडतात आणि लगेच नोंदवतात : 'जुहोतेर्होतेत्यौर्णवाभः'. और्णवाभ या दुसऱ्या जुन्या आचार्यांच्या मते 'होता' 'जुहोति'पासून आला. मी निःशंक और्णवाभांच्या बाजूचा. होता म्हणजे मुळात ओतणारा. ग्रीकांच्या मेजवानीत मद्य वाढणाऱ्याला 'ओइनोखोओस' म्हणत, आणि त्यातला 'खोओस' आपल्या होत्याचा सख्खा नातलग आहे. यास्कांसारख्या माणसाने हाती आलेली व्युत्पत्ती दुसऱ्या जागी बसवावी, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि 'खोए' हा सुटा शब्दही ग्रीकमध्ये आहेच. मृतांसाठी जमिनीवर ओतायचं अर्घ्य, ते 'खोए'. ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'खोएफोरोई' या नाटकाच्या नावात तोच आहे : अर्घ्य घेऊन आलेल्या बायका. अथेन्समध्ये वसंतात डायोनिसस या मद्याच्या देवाचा अँथेस्टेरिया हा सण असे. त्याच्या दुसऱ्या दिवसाचं नाव 'खोएस', म्हणजे चंबूंचा दिवस. त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या चंबूतून, एकमेकांशी न बोलता पीत असे. त्या चंबूत तीन लिटरांहून थोडं अधिक मद्य मावे. लहान मुलांसाठी छोटे चंबू असत, त्यांवर रांगणारी, खेळणारी मुलं रंगवलेली दिसतात.

राहिली सुरई. सुरईची मान लांब आणि बारीक, आणि तिला सहसा कान नसतो. ओइनोखोएला एक उभा कान असतो आणि तोंड पुष्कळदा चिमटून तीन पाकळ्यांचं केलेलं असतं, म्हणजे धार नेमकी पडते. मद्य आणि पाणी मिसळायचं मोठं भांडं म्हणजे 'क्रातेर'. त्यातून भरून घ्यायचं आणि पाहुण्याच्या 'किलिक्स' या पसरट, दोन कानांच्या पेल्यात ओतायचं, एवढंच तिचं काम. झारी म्हणावं तर झारीला तोटी असते, हिला ती नाही. तेव्हा नाव 'ओइनोखोए'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'मद्य ओतायचा कानाचा चंबू' असं लिहा. फक्त 'ग्रीक फुलदाणी' लिहू नका. ही भांडी फुलांसाठी घडवलेली नव्हती.