पडून राहिलेली सुमो, रोज उतरणारी बॅटरी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्यात जुन्या सुमो, बोलेरोच्या वायरिंगबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली तपासणी करायला दोनच वस्तू लागतात: एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प.

प्रश्न : आमची २००५ ची सुमो चार वर्षांपासून मळ्यातल्या शेडमध्ये उभी आहे. आधी तिच्यातून केळीच्या बागेला खतं नेत होतो. आता ती चालू करून घरी वापरायची आहे. नवीन बॅटरी आणून सेल्फ मारून पाहू का? – एक केळी उत्पादक, यावल तालुका

सेल्फ लगेच मारू नका. चार वर्षांत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचलेलं असतं आणि बॉनेटखाली उंदरांचं घर असण्याची शक्यता मोठी. आधी एअर फिल्टरचा डबा, ब्लोअर आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळाच्या) वरची जागा उघडून पाहा. कापूस, चिंध्या, पाचट जे सापडेल ते सगळं काढा. मॅनिफोल्डवर राहिलेला कापूस इंजिन तापलं की पेट घेतो.

मग टाकी पूर्ण रिकामी करा. तळाशी काळा चिकट गाळ निघाला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. डिझेल फिल्टर नवा बसवा, हातपंपाने डिझेलच्या पाइपातली एअर काढा. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. फिरत नसेल तर जोर करू नका. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिली इंजिन ऑइल सोडा, एक दिवस तसंच राहू द्या आणि प्लग बाहेर असतानाच पुन्हा फिरवा. ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढण्याची घाई पुष्कळ जण करतात. चिकटलेली रिंग त्यातच तुटते.

आता खताचा मुद्दा. तुमच्या गाडीत सगळ्यात काळजीपूर्वक पाहावं ते हेच. खतांपैकी पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते मिठासारखंच हवेतली ओल ओढतं आणि पत्रा, तांबं दोन्ही खातं. सांडलेलं खत मॅटखालच्या नमद्यात (फेल्टच्या जाड थरात) मुरतं, आणि मागच्या दिव्यांची वायरिंग जमिनीलगतच जाते. सीट, मॅट, नमदा सगळं बाहेर काढा. फरशी भरपूर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. वायरिंगचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) आधी उघडून वर बांधून घ्या. नंतर दारं उघडी ठेवून दोन दिवस कडक ऊन लागू द्या. नमदा परत घालू नका, नवा आणा.

वायर बाहेरून धड दिसली म्हणून सोडू नका. कपलरजवळ सेंटिमीटरभर सोलून पाहा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर क्षार आत चढला आहे. लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि तेवढा तुकडा नवा जोडा. काळ्या तांब्यावर केलेला जॉइंट एक पावसाळाही काढत नाही. मागच्या दिव्यांचा अर्थिंग स्क्रूही (दिव्यांची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणारा) काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, स्क्रू घट्ट बसवून वर ग्रीस लावा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल तर दोष याच स्क्रूचा समजा.

एवढं झाल्यावर बॅटरी. पॉझिटिव्ह केबल लावा. निगेटिव्ह मात्र थेट न लावता बॅटरीचा खांब आणि केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा. दारं बंद आणि चावी बंद असताना बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, केबल लावूच नका. बल्ब विझलेला राहिला किंवा जेमतेम लाल दिसला तर पुढे जा. पहिल्यांदा सेल्फ मारताना पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (चावीनुसार डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या झडपेची) वायर काढून ठेवा. बंद करायची केबल असेल तर ती ओढून धरा. इंजिन डिझेलविना फिरेल आणि ऑइल वरपर्यंत पोहोचेल. दहा सेकंद फिरवा, अर्धा मिनिट थांबा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत असं करा. त्यानंतर वायर जोडा. चावी फिरवल्यावर सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज यायला हवा. तो आला नाही तर इंजिन कितीही फिरवा, डिझेल पुढे जाणार नाही.

रस्त्यावर आणण्याआधी ब्रेक ऑइल बदला आणि चारही चाकं उघडून व्हील सिलिंडर पाझरत नाहीत ना ते पाहा. टायरवर ‘डॉट’च्या ओळीत शेवटी चार अंक असतात: २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे इतके जुने टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावेत.

प्रश्न : २००९ ची बोलेरो. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवीन आहे. वर्षभरात अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) दोनदा बदलला. गॅरेजवाले आता पूर्ण वायरिंग बदला म्हणतात. – एक वाचक, अमळनेर

वायरिंग बदलण्याआधी चार आकडे लिहून काढा. भाग बदलत जाण्यापेक्षा मोजत जाणं स्वस्त पडतं.

पहिला आकडा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी न लावता बॅटरीचे व्होल्ट. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. दुसरा, सेल्फ मारताना व्होल्ट किती खाली येतात. भरलेल्या बॅटरीत ९.६ च्या खाली जाऊ नयेत. तिसरा, इंजिन थोड्या रेसवर ठेवून: १३.८ ते १४.४ हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही १३.५ च्या आसपास टिकले पाहिजेत. १४.८ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर, म्हणजे कटआउट, बिघडला आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, त्यात असा जादा चार्ज बॅटरीचं पाणी काही आठवड्यांत संपवतो. पाणी भरताना डिस्टिल्डच घ्या, आरओचं नको. त्यात क्षार राहतातच.

चौथा आकडा तुमच्या दुखण्याचा. मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा, लाल पिन त्याच्या वेगळ्या भोकात घाला. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर जोडा. दारं बंद, चावी बंद. मीटर जोडलेला असताना सेल्फ, हेडलाइट किंवा हीटर लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. सेंट्रल लॉक किंवा अलार्म असेल तर वीस मिनिटं थांबा. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. समजा ०.३ आला, तर दिवसाला सव्वासात अँपिअर-तास गेले. ७० ची बॅटरी पाच दिवसांत निम्मी होणारच.

आता फ्यूज एकेक काढत मीटर पाहा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, गळती त्याच्या लाइनवर. बहुतेक वेळा ती बाहेरून बसवलेल्या वस्तूंत निघते. गाण्यांच्या टेपच्या दोन वायरी असतात: पिवळी कायम चालू आणि लाल चावीवर. बसवणारा दोन्ही एकत्र कायम लाइनवर जोडून टाकतो आणि टेप रात्रभर बॅटरी पीत राहतो. जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, प्रेशर हॉर्नही याच यादीत.

एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर गळती फ्यूजच्या आधी आहे. निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडवून तिचं टोक चिकटटेपने गुंडाळा, मीटर पुन्हा जोडा. आकडा पडला की अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेला समजा. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागणं हीही त्याचीच खूण.

दोनदा बदलूनही तोच दोष का येतो, याचं कारण मागच्या बाजूला शोधा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिनमधून ऑइल येतं. सील गेली की ते ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरतं, कार्बन (ब्रश) आणि डायोड खराब करतं. अल्टरनेटरची पाठ तेलकट असेल आणि ब्रेक पेडलही कडक लागत असेल, तर आधी सील आणि ऑइलचे पाइप करा. नाहीतर तिसराही अल्टरनेटर जाईल. पूर्ण वायरिंग बदलायचं कारण तुमच्या पत्रात आम्हाला कुठेच दिसत नाही.

प्रश्न : हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर चढतो, बंद केले की खाली येतो. – एक वाचक, धुळे

पाणी असं क्षणात तापत नाही आणि निवतही नाही. हे अर्थिंगचं काम आहे. तरी रेडिएटरमधलं पाणी थंड इंजिनवर एकदा पाहून घ्या, खानदेशच्या उन्हाळ्यात काट्याकडे दुर्लक्ष परवडत नाही.

इंजिन चालू, दिवे चालू. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, लाल पिन आधी इंजिनच्या धातूवर, मग बॉडीवर, मग मीटर कन्सोलच्या (डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या) अर्थ वायरवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसेल तिथला जॉइंट खराब. बॅटरी ते बॉडी, इंजिन ते चेसिस आणि डॅशबोर्डमागचा स्क्रू, या तीन जागा उघडून घासल्या की अशा बहुतेक तक्रारी मिटतात. इंजिन-चेसिसची विणलेली पट्टी हिरवी पडली असेल तर नवीच टाका. ती तुटली की सेल्फचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ नुसता ‘टक्’ करतो आणि केबल गरम लागते. डिझेलचा आणि टेम्परेचरचा, दोन्ही काटे नेहमी सोबतच वर जात असतील तर जुन्या कन्सोलमधला व्होल्टेज स्टॅबिलायझरही तपासा.

प्रश्न : रात्री कन्नड घाट चढताना दिवे फार मंद वाटतात. १०० वॅटचे बल्ब टाकू का? – एक वाचक, चाळीसगाव

नको. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे, म्हणजे अपरला (लांबच्या उजेडाला) ६० आणि डिपरला (जवळच्या उजेडाला) ५५. दोन मिळून डिपरला सुमारे ९ अँपिअर ओढतात. १००/९० चे टाकले की ते १५ वर जातात. जुनी वायर आणि स्विच ते सोसत नाही, होल्डर वितळतो.

इंजिन चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२ च्या खाली असतील तर उजेड वाटेतच मरतो आहे. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. उपाय रिलेचा, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीचा. डिपर आणि अपरसाठी वेगवेगळे, ३० अँपिअरचे दोन रिले घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरात प्रत्येकी २० अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीच चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून तेवढीच जाड वायर दिव्यांना. स्विचकडून आलेली जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थिंगला. दिव्यांची अर्थ वायरही जाड करा, नाहीतर अर्धाच फायदा होईल. मात्र तुमच्या गाडीचा स्विच पॉझिटिव्ह तोडतो की अर्थ, हे आधी टेस्ट लॅम्पने पाहून घ्या. अर्थ तोडणारा असेल तर ही जोडणी बदलते.

रिफ्लेक्टर काळवंडले असतील तर मात्र रिलेने काही होणार नाही, दिवेच बदला. शेवटी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी लावा. डिपरची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सात-आठ सेंमी खाली पडायला हवी.

प्रश्न : गाडी सरकीच्या गोदामाशेजारी उभी असते. उंदरांनी वायरिंग कुरतडली. सगळी बदलू की दुरुस्त करू? शिवाय पुढच्या महिन्यात पंधरा वर्षं पूर्ण होत आहेत. – एक वाचक, शहादा

न कुरतडलेल्या भागातली वायर बोटांवर वाकवून पाहा. वरचं प्लास्टिक मऊ असेल तर दुरुस्ती पुरते. तडे जात असतील तर तेवढ्या भागाची, सहसा इंजिनकडची, नवी हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) टाका.

दुरुस्तीत त्याच रंगाची आणि त्याच जाडीची वायर वापरा. नुसती पिळून टेप मारू नका. क्रिम्प स्लीव्ह दाबून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. इंजिनजवळ सोल्डरपेक्षा क्रिम्प टिकतं, कारण सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. सगळे जॉइंट एकाच जागी येऊ देऊ नका, चार-पाच सेंमी मागेपुढे ठेवा. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद उन्हात वितळून वाहतो, म्हणून कापडी टेप आणि वरून नालीदार पाइप घ्या. फ्यूज उडत असेल तर जागी तार किंवा मोठा फ्यूज घालू नका. दीड चौरस मिमीच्या वायरला १५ अँपिअरपर्यंतच फ्यूज धरा. गोदामाजवळ गाडी ठेवणं टळत नसेल तर निगेटिव्हला बॅटरी कट-ऑफ स्विच बसवा आणि ब्लोअरच्या हवेच्या तोंडावर लोखंडी बारीक जाळी लावा.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. तुमची गाडी एमएच-३९ ची असेल तर काम नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयात. तपासणीला नेण्याआधी विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पाहून घ्या, आणि हॉर्न, वायपर, ब्रेक लाइट, चारही इंडिकेटर, नंबर प्लेटचा छोटा दिवा इंजिन चालू ठेवून एकेक करून तपासा. इंडिकेटर एका बाजूला भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलेला आहे किंवा त्याची अर्थिंग सुटली आहे.