नवा राउटर घेतलाय? आधी डब्ल्यूपीएस बंद करा

घाबरू नका, सुरुवातीला दोनच कामं.

१. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. वायफायवरून नको, केबल लावून. आणि मधेच वीज जाणार नाही एवढं बघा.

२. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता, बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. त्याचा पिन आठ अंकी असला तरी राउटर त्याचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, शिवाय शेवटचा अंक नुसता पडताळणीचा. त्यामुळे घुसखोराला फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हा दोष २०११ मध्येच उघड झालाय. काही जुन्या मॉडेलांत तर 'बंद' करूनही ते चालूच राहायचं (हो, खरंच!). तिथे नवं फर्मवेअर हाच इलाज. तेही मिळत नसेल तर राउटर बदला.

नेट अडकलं की नवखे लगेच रिसेटच्या भोकात टाचणी खुपसतात. त्याने सगळी सेटिंग्ज पुसली जातात. आधी रीस्टार्ट करा. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) वगैरे सध्या राहू द्या.