वाचकांचे प्रश्न : जुने सोडायंत्र पुरेसे थंड होत नाही, गॅस भरावा का?

प्रश्न : नाणे टाकल्यावर काचेची बाटली देणारे, १९५०च्या दशकातील एक शीतपेययंत्र मी विकत घेतले आहे. रंगकाम आणि नाण्यांच्या यंत्रणेची दुरुस्ती मी स्वतःच केली. आता कॉम्प्रेसर सुरू होतो आणि दिवसभर चालूच राहतो, एकदाही कट होत नाही. तरीही वरच्या बाटल्या कोमट राहतात आणि अगदी तळाच्या दोन-तीन बाटल्यांत मात्र बर्फ होतो. पाहायला आलेल्या मेकॅनिकने गॅस कमी झाल्याचे सांगितले. यंत्राच्या पट्टीवर गॅसचे नाव आर-१२ असे आहे. गॅस भरून घ्यावा का?
— एक वाचक

उत्तर : आत्ता गॅसला अजिबात हात लावू देऊ नका. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रातच आले आहे. गॅस खरोखर कमी असता, तर तळाच्या बाटल्यांत सहसा बर्फ झाला नसता. थंडावा तयार होत आहे, पण तो वरपर्यंत पोहोचत नाही. थंड हवा जड असल्याने ती खाली बसते, आणि तिला वर ढकलण्याचे काम कॉइलजवळचा (आत थंड होणाऱ्या नळ्यांजवळचा) छोटा पंखा करतो. तो थांबला किंवा त्याची वाट अडली, की तळ गोठतो आणि वरचा भाग कोमट राहतो. थर्मोस्टॅटचा तापमान ओळखणारा फुगा वरून परतणाऱ्या हवेत बसवलेला असेल, तर त्याला सतत कोमट हवाच लागते आणि म्हणून कॉम्प्रेसर कट होत नाही.

प्लग काढून, आतले आवरण उघडून कॉइल पाहा. तिच्या पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजल्या असतील, तर पंखा चांगला असूनही हवा जाणार नाही. दार उघडे ठेवून, खाली ताट ठेवून, बर्फ रात्रभर आपोआप वितळू द्या. तो टोकदार वस्तूने खरवडू नका. सुरुवातीच्या काळात मी एका यंत्राच्या कॉइलवरचा बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने काढायला गेलो. हाताला किंचित मऊ लागले, बारीक फुस्स असा आवाज आला आणि बर्फावर तेलाचा पिवळसर ठिपका पसरला. चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला गॅस काही मिनिटांत निघून गेला. ती चूक मला आजही सलते, म्हणून हे इतके बजावून सांगत आहे.

बर्फ गेल्यावर पंख्याचे पाते बोटाने फिरवा. बोट काढल्यावरही ते काही फेरे घेऊन अलगद थांबले पाहिजे. लगेच अडकले, तर बेअरिंगमधले जुने तेल चिकट झाले आहे असे समजावे. ते पुसून हलक्या मशीन तेलाचे दोन-तीन थेंब सोडल्यावर बहुतेक पंखे पुन्हा मोकळे होतात. आपण रंगकाम केले आहे, तेव्हा आणखी दोन गोष्टी आवर्जून पाहा. पाते उलटे बसले नाही ना, आणि हवेला दिशा देणारा आतला पत्रा पुन्हा जागेवर लावला आहे ना? हा पत्रा बिनकामाचा वाटून बाजूला राहून जातो आणि मग दोष गॅसवर येतो.

बर्फ मुळात का साचला, हेही शोधायला हवे. बहुधा दाराच्या रबरातून दमट हवा आत येत असते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढून पाहा. ती सहज सुटून आली, तर त्या जागी रबर बसत नाही. अशी तपासणी चारही बाजूंनी करा. बाहेर उष्णता सोडणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीवर धुळीचा लोकरीसारखा थर असेल, तर तो मऊ ब्रशने, पत्र्यांच्या दिशेनेच, काढून टाका.

एवढे झाल्यावर एका बाटलीत पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवा आणि ती मधल्या ओळीत लावून दुसऱ्या दिवशी वाचन घ्या. हवेचे तापमान सतत वरखाली होते, त्यावर विसंबू नका. पाण्याचे तापमान १ ते ४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले, तर यंत्र ठीक झाले.

गॅसबद्दलही लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. गॅस म्हणजे इंधन नव्हे, तो वापरल्याने संपत नाही. बंद नळीतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो, त्यामुळे तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. तो कमी असल्याची लक्षणे वेगळी असतात : पंखा नीट चालत असूनही कॉइलच्या सुरुवातीच्या काही सेंटीमीटरवरच दव गोठते, बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट राहते, आणि कंडेन्सर जेमतेम गरम होतो. कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक कॅपिलरी नळी अर्धवट तुंबली तरी चित्र पुष्कळसे असेच दिसते, म्हणून सांध्यांवर तेलाचे डाग आहेत का ते पाहावे आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. यंत्र काही वेळ छान थंड करते, मग थंडावा जातो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो, असे होत असेल, तर नळीत ओलावा शिरला असून तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत आहे.

गळती ठरलीच, तरी नुसता गॅस वरून भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. मॉन्ट्रियल करार १९८७चा. त्यानुसार विकसित देशांत आर-१२चे उत्पादन १९९५च्या अखेरीस आणि विकसनशील देशांत २०१०पर्यंत थांबले, कारण हा वायू ओझोनचा थर नष्ट करतो. म्हणून उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. आर-१२च्या जागी आर-१३४ए हा दुसरा गॅस भरायचा असेल, तर कॉम्प्रेसरमधले जुने खनिज तेल त्याच्यात मिसळत नाही. तेल आणि ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) दोन्ही बदलून, नळ्या व्हॅक्यूम करून मगच तो भरला जातो. ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस या यंत्रांत भरू देऊ नका. त्यांतील थर्मोस्टॅट आणि रिले (मोटर सुरू करणारा स्विच) उघड्या ठिणग्या टाकतात.

प्रश्न : माझे यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर मी ते ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. कॉम्प्रेसर काही सेकंद घुमतो, 'टक' असा आवाज होतो आणि तो बंद पडतो. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर गेला का?
— एक वाचक

उत्तर : लगेच तसे समजू नका. मोटर सुरू होत नाही, जास्त प्रवाह खेचते आणि ओव्हरलोड हा सुरक्षा-स्विच तिचा पुरवठा तोडतो, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. सर्वप्रथम ट्रान्सफॉर्मर पाहा. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह घेते. ट्रान्सफॉर्मर लहान असेल, तर त्याच क्षणी व्होल्टेज कोसळते. त्यासाठी सुरू होतानाचे व्होल्टेज मीटरवर वाचा. शिवाय ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर ६० हर्ट्झची मोटर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि ११५ व्होल्टवर जास्त तापते. त्या पुरवठ्यावर तिला ९६ व्होल्टच्या आसपास योग्य ठरतात.

व्होल्टेज ठीक असेल, तर प्लग काढून आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असल्यास तो आधी रेझिस्टरमधून रिकामा करून, कॉम्प्रेसरच्या तीन टोकांवरचा (समाईक, चालू ठेवणाऱ्या वेटोळ्याचे 'रन' आणि सुरू करणाऱ्या वेटोळ्याचे 'स्टार्ट') रोध मोजा. समाईक ते रन सर्वांत कमी, समाईक ते स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन ते स्टार्ट या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. उदाहरणार्थ, ३, ९ आणि १२ ओहम. कोणत्याही टोकापासून कवचापर्यंत मीटरने काही दाखवले, तर मोटर शॉर्ट आहे आणि यंत्र चालवू नये. वाचने बरोबर असतील, तर संशय रिले आणि कपॅसिटरवर येतो. हे दोन्ही भाग बाहेर असल्याने, नळ्यांना धक्का न लावता बदलता येतात, मात्र रिले मोटरच्या प्रवाहाला जुळणारा घ्यावा. प्रत्येक चाचणीनंतर किमान पाच मिनिटे थांबा. दोन्ही बाजूंचा दाब समान झाल्याशिवाय चांगला कॉम्प्रेसरही उठत नाही.

जुन्या वायरीवरचे रबर बोटाने दाबून पाहा. ते भुसभुशीत झाले असेल, तर वायर बदला. दोन पिनांचा प्लग असेल, तर धातूच्या कवचाला अर्थिंग द्या. ओल्या बाटल्या काढणारा हात त्याच दाराला लागतो.

प्रश्न : जुने कूलिंग युनिट काढून नवे बसवल्यास यंत्राचे जुनेपण जाईल का?
— एक वाचक

उत्तर : कॉम्प्रेसर जाम झाला असेल किंवा मोटर जळली असेल, तर नवे युनिट बसवणेच शहाणपणाचे आहे. मात्र ते कॅबिनेट न कापता, मूळच्याच छिद्रांवर बसायला हवे आणि त्याची क्षमता जुन्याइतकी असावी. लहान फ्रीजचे युनिट भरलेल्या यंत्राला पुरत नाही. काढलेले युनिट भंगारात देऊ नका. नळ्यांची तोंडे बंद करून, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून ते जपून ठेवा, म्हणजे पुढे कोणाला यंत्र मूळ रूपात आणायचे असेल तर ते हाताशी राहील.